पडद्यावरचा वस्ताद आणि घरांतली पायरी

व्यायामाचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा आखाड्याच्या दारानें आंत शिरतात. मल्ल, त्यांचे वस्ताद, त्यांचे आश्रयदाते राजे, त्यांच्या कुस्त्या आणि त्यांचे खुराक यांची हकीकत ते मोठ्या रसिकतेनें सांगतात, आणि ती ऐकण्यासारखी असतेहि. परंतु बसावयाच्या खोलींतल्या खुर्च्या भिंतीकडे सारून, दार लोटून घेऊन, एकट्या माणसानें, आणि विशेषतः एकट्या स्त्रीनें, केलेल्या व्यायामाचा इतिहास फारसा कोणी लिहीत नाहीं. तोहि शंभर-सव्वाशें वर्षांचा आहे. त्यालाहि त्याचे आचार्य आहेत, त्याचें शास्त्र आहे, त्याचे वाद आहेत. त्यांतील एक प्रकरण आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों. विसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत अमेरिकेंत उदयास आलेला, चित्रफितीकडे पाहून घरच्या घरीं करावयाचा पायरीचा व्यायाम, ज्याला तिकडे 'स्टेप एरोबिक्स' म्हणतात, तें हें प्रकरण होय.

विषय प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटेल. जमिनीवर वीतभर उंचीची एक फळी ठेवलेली. समोर टेलिव्हिजनचा पडदा. त्यावर एक हंसतमुख बाई तालावर चढते आहे, उतरते आहे. आणि इकडे घरची गृहिणी तिच्याकडे नजर लावून तसेंच चढते-उतरते आहे. बाहेरून पाहणाराला हंसूं यावें असेंच हें दृश्य आहे. परंतु ह्या दृश्यांत एक जुना प्रश्न नव्या वेषानें उभा आहे. तालमींत वस्ताद आणि पठ्ठा एकमेकांना पाहतात. पठ्ठ्याची कंबर झुकली, गुडघा वांकडा पडला किंवा दम तुटला, तर वस्तादाचा हात तेथल्या तेथें त्याच्या पाठीवर पडतो. पडद्यावरच्या वस्तादाला हें साधत नाहीं. तो दाखवितो, बोलतो, शाबासकीहि देतो. पण पाहत मात्र नाहीं. शिष्याला न पाहणाऱ्या ह्या गुरूनें लक्षावधि घरांत प्रवेश कसा मिळविला, त्यांत कोणाचें काय साधलें आणि कोणाचें काय बिघडलें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम हा व्यायाम म्हणजे नेमकें काय, तें सांगितलें पाहिजे. पायरी म्हणजे लांबीला अडीच हात आणि रुंदीला हाताहून थोडी कमी अशी घट्ट बसणारी, न घसरणारी फळी. खालचे ठोकळे घालून-काढून तिची उंची बदलतां येते. १५, २० व २५ सेंटीमीटर ह्या तिच्या नेहमींच्या उंच्या होत. उजवा पाय वर, डावा वर, उजवा खालीं, डावा खालीं, हें मूळ आवर्तन. तें चार ठोक्यांत पुरें होतें. मग ह्याच चार पावलांना गुडघा उचलणें, फळीवरून पलीकडे जाणें, कडेनें वळणें, हातांच्या हालचाली जोडणें, अशीं नाना रूपें येतात. संगीताची गति मिनिटाला ११८ ते १२८ ठोके असावी, असा शिक्षकांचा सर्वसाधारण दंडक आहे. आतां थोडा हिशेब करून पाहावा. मिनिटाला १२० ठोके धरले, तर ३० आवर्तनें झालीं. फळी २० सेंटीमीटर उंच असली, तर एका मिनिटांत शरीर ६ मीटर वर उचललें गेलें. अर्ध्या तासांत ९०० वेळां चढणें, ९०० वेळां उतरणें, आणि एकंदर चढण १८० मीटर! दिल्लीचा कुतुबमिनार सुमारें ७३ मीटर उंच आहे. म्हणजे उंबरठ्याबाहेर पाऊल न टाकतां ही गृहिणी अडीच कुतुबमिनार चढली आणि तितकेच उतरली. पुण्याचे जे लोक नित्यनेमानें पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून येतात, त्यांनाहि ह्या हिशेबाचें कौतुक वाटेल. दृश्य हंसण्यासारखें असलें, तरी श्रम हंसण्यासारखे नाहींत.

घरांत शिरलेला हा गुरु प्रथम कागदावरून आला. प्रसिद्ध बलोपासक यूजीन सँडो याचें शक्तिसंपादनावरील पुस्तक १८९७ सालीं निघालें. पुस्तक, तक्ते आणि टपालानें येणारीं उपकरणें यांच्या साह्यानें कोणीहि आपल्या खोलींत बलवान व्हावें, असा त्याचा दावा होता. हा सँडो १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानांतहि येऊन गेला. डेन्मार्कच्या जे. पी. म्यूलर यानें १९०४ सालीं आपली व्यायामपद्धति प्रसिद्ध केली. तींत उपकरणांचीहि गरज उरली नाहीं. रोजचीं पंधरा मिनिटें आणि स्वतःचें शरीर, एवढ्यावर काम भागूं लागलें. ह्या पुस्तकाचीं युरोपांतल्या अनेक भाषांत भाषांतरें झालीं. प्राग शहरीं कादंबरीकार काफ्का हा उघड्या खिडकीपाशीं म्यूलरचे व्यायाम करीत असे.

ह्या कागदी गुरूचा संबंध आमच्या महाराष्ट्राशींहि पोंचतो. औंधचे अधिपति श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं तरुणपणीं सँडोचीं पुस्तकें व साहित्य मागवून सुमारें दहा वर्षें त्याच्या पद्धतीनें व्यायाम केला. पुढें तो सोडून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि त्याचे मोठे प्रचारक झाले. औंध संस्थानच्या शाळांतून नमस्कार नित्याचे झाले, आणि १९३८ सालीं त्यांचें इंग्रजी पुस्तक लंडनला प्रसिद्ध होऊन तिकडच्या घरांत जाऊन बसलें. ज्यांनीं परदेशचा कागदी गुरु एकदां घरांत घेतला होता, त्यांनींच पुढें आपला देशी गुरु कागदावर बसवून परदेशीं पाठविला. फरक इतकाच कीं, औंधच्या शाळेंत मुलांसमोर शिक्षक प्रत्यक्ष उभा असे आणि पुस्तक त्याचा सहायक असे. लंडनच्या वाचकाला मात्र पुस्तक हाच शिक्षक होता.

कागदावरच्या गुरूला ताल नव्हता. ती उणीव ध्वनीनें भरून काढली. पहिल्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंतील वॉल्टर कँप यानें नौदलाच्या लोकांसाठीं बारा व्यायामांचा एक संच बसविला होता; युद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत तो ग्रामोफोनच्या तबकड्यांवर निघाला आणि संगीतावर मोजून दिलेले आंकडे घराघरांत ऐकूं येऊं लागले. १९२५ सालीं न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन आयुर्विमा कंपनीनें आपल्या मनोऱ्यावरून दररोज सकाळीं रेडिओवर व्यायाम सांगावयास प्रारंभ केला. विमेदार जितका अधिक जगेल तितका कंपनीचा फायदा, हें त्यामागचें गणित अगदीं सरळ होतें. जपानच्या टपाल खात्यांतील विमा-अधिकाऱ्यांनीं ही कल्पना उचलली आणि १९२८ सालीं नव्या सम्राटाच्या राज्यारोहणाच्या निमित्तानें तेथें 'राजिओ ताइसो' म्हणजे रेडिओ-व्यायाम सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर कांहीं काळ तो बंद पडला, १९५१ सालीं नव्या रूपांत पुन्हां सुरू झाला, आणि आजहि चालू आहे. परंतु जपानी पद्धतींत लोक शाळेच्या पटांगणांत किंवा कारखान्याच्या आवारांत एकत्र जमत. गुरु नुसता आवाज असला, तरी शेजारचा माणूस शेजारच्याला पाहत होता. अमेरिकन श्रोता मात्र एकटा होता.

पुढची पायरी चित्राची. जॅक ललेन यानें १९३६ सालीं कॅलिफोर्नियांतील ओकलंड येथें व्यायामशाळा काढली होती. १९५१ सालीं तो सॅन फ्रान्सिस्कोच्या टेलिव्हिजनवर दिसूं लागला, १९५९ पासून त्याचा कार्यक्रम देशभर जाऊं लागला, आणि १९८५ पर्यंत तो चालला. सकाळीं नवरा कामावर आणि मुलें शाळेंत गेल्यावर घरीं राहिलेल्या गृहिणी हा त्याचा मुख्य श्रोतृवर्ग. त्याचें कसब असें कीं, त्यानें व्यायामाचें साहित्य घरांतलेंच वापरलें. स्वयंपाकघरांतली खुर्ची हें त्याचें आवडतें साधन. १९६० सालीं डेबी ड्रेक ही बाई असाच रोजचा कार्यक्रम घेऊन देशभर दिसूं लागली. पण ह्या सर्वांची वेळ ठरलेली असे. त्याच वेळीं लेंकरूं रडलें किंवा दूध उतूं गेलें, तर त्या दिवसाचा पाठ बुडाला. गेलेलें पाऊल पुन्हां दाखविण्याची विनंति कोणाला करावयाची?

गृहिणी हाच ह्या गुरूचा मुख्य शिष्य कां झाला, हें नीट समजून घेतलें पाहिजे. त्या काळीं पाश्चात्य स्त्री आपल्याकडच्या स्त्रीपेक्षां पुष्कळ मोकळी होती अशी समजूत आहे. व्यायामाच्या बाबतींत ती तितकीशी खरी नाहीं. १९२८ सालच्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्यें स्त्रियांची ८०० मीटरांची शर्यत झाली; शर्यतीच्या अखेरीस कांहीं जणी थकलेल्या दिसल्या, तेवढ्यावर वृत्तपत्रांनीं गहजब केला, आणि ती शर्यत १९६० पर्यंत पुन्हां झाली नाहीं. १९६७ सालीं बोस्टनच्या मॅरेथॉनमध्यें कॅथरिन स्विट्झर धांवत असतां शर्यतीच्या एका अधिकाऱ्यानें तिचा क्रमांक ओढून काढण्याचा प्रयत्न केला. तेथें स्त्रियांना रीतसर प्रवेश १९७२ सालीं मिळाला. ऑलिंपिकमध्यें स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ सालीं आली. घाम गाळणारी, धापा टाकणारी स्त्री चारचौघांत दिसणें हेंच अशोभनीय मानलें जात होतें. अशा वेळीं बंद दारामागें, कोणाच्या नजरेस न पडतां श्रम करण्याची सोय ज्यानें दिली, त्याला त्या स्त्रियांनीं आपलासा केला यांत नवल नाहीं. आमच्याकडे झिम्मा-फुगडीच्या खेळांना मंगळागौरीच्या रात्रीचें आणि केवळ बायकांच्या मेळाव्याचें संरक्षण असे. अमेरिकन गृहिणीला तेंच संरक्षण तिच्या बसावयाच्या खोलीनें दिलें.

आतां पायरीकडे येऊं. चढ-उतार हें वैद्यकशास्त्राचें मोजमाप आधीं होतें. करमणुकीचा व्यायाम तो पुढें झाला. १९२९ सालीं न्यूयॉर्कच्या आर्थर मास्टर व ओपेनहायमर ह्या डॉक्टरांनीं प्रत्येकी नऊ इंच उंचीच्या दोन पायऱ्यांवरून रोग्याला चढवून-उतरवून त्याच्या रक्ताभिसरणाची परीक्षा घेण्याची रीत घातली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत हार्वर्ड विद्यापीठाच्या थकवा-संशोधन प्रयोगशाळेंत ब्रूहा व त्याचे सहकारी यांनीं प्रसिद्ध 'हार्वर्ड पायरी-कसोटी' तयार केली. तींत वीस इंच उंचीच्या बांकावर मिनिटाला ३० वेळां चढावयाचें, आणि पांच मिनिटें टिकावयाचें. नंतर तीनदां नाडी मोजून गुण काढावयाचे. वाचकांनीं येथें एक मौजेची गोष्ट ध्यानांत घ्यावी. मिनिटाला ३० चढण्या म्हणजे १२० ठोके. तरुण सैनिकाची छाती तपासण्यासाठीं जो ताल ठरला, तोच ताल पन्नास वर्षांनंतर घरगुती पायरीच्या संगीताला लागला. उंची मात्र वीस इंचांवरून सहा-आठ इंचांवर उतरली, आणि पांच मिनिटांचा अर्धा तास झाला.

ह्या मोजमापाला व्यायामाचें रूप देणारा विचार अमेरिकन हवाई दलांतील डॉक्टर केनेथ कूपर यानें मांडला. त्याचें 'एरोबिक्स' हें पुस्तक १९६८ सालीं निघालें. स्नायू फुगविण्यापेक्षां हृदय व फुप्फुसें कणखर करणें महत्त्वाचें, आणि त्यासाठीं चालणें, धांवणें, पोहणें अशी दीर्घकाळ टिकणारी मध्यम गतीची हालचाल हवी, हें त्याचें सूत्र. 'वायूवर जगणारें' अशा अर्थाचें जें विशेषण पाश्चरनें सूक्ष्म जीवांना लावलें होतें, त्याचें कूपरनें नाम बनविलें आणि तें जगाच्या तोंडीं बसलें. पुढल्याच वर्षीं, १९६९ सालीं, प्वेर्तो रिको बेटावरील हवाई तळावर राहणाऱ्या जॅकी सोरेन्सन हिनें तेथल्या सैनिकांच्या बायकांसाठीं ह्या सूत्राला नृत्याची जोड दिली. त्याच वर्षीं शिकागोनजीक जुडी शेपर्ड मिसेट हिनें आपल्या जॅझ नृत्याच्या वर्गांतून 'जॅझरसाइझ' काढलें. शिस्तीच्या कवाईतींत नाच मिसळला, आणि व्यायामाला आनंदाचें तोंड फुटलें.

ह्यानंतरची घटना यंत्राची आहे. १९७६ सालीं जपानांत व्हीएचएस पद्धतीची व्हिडिओ फीत विक्रीस आली आणि थोड्याच वर्षांत ती अमेरिकेंतल्या घरांत पोंचली. ह्या फितीवर प्रथम लोक सिनेमे पाहत, आणि ते बहुधा भाड्यानें आणून. सिनेमा एकदां पाहिला कीं संपला. विकत घ्यावयाचा कशाला? हें उलटें करून दाखविलें तें नटी जेन फोंडा ह्यांच्या व्यायामफितीनें. फोंडा पूर्वीं बॅले नृत्यानें आपलें शरीर राखीत असत. 'द चायना सिंड्रोम' ह्या चित्रपटाच्या वेळीं त्यांचा पाय मोडला, बॅले बंद झालें, आणि लेनी काझ्डेन ह्या शिक्षिकेच्या वर्गाला त्या जाऊं लागल्या. त्यांतूनच १९७९ सालीं बेव्हर्ली हिल्स येथें त्यांची व्यायामशाळा निघाली. पतीच्या राजकीय चळवळीला पैसा पुरविणें हा तिचा एक उघड हेतु होता. १९८१ सालीं पुस्तक आणि १९८२ च्या एप्रिलांत फीत आली. सुमारें साठ डॉलर ही किंमत त्या काळीं लहान नव्हती. तरी लोकांनीं ती विकत घेतली, कारण व्यायाम रोज करावयाचा असतो आणि भाड्याची फीत रोज परवडत नाहीं. फोंडा ह्यांच्या सर्व व्यायामफितींचा एकूण खप पुढें एक कोटी सत्तर लाखांवर गेला असें सांगतात. व्यायामासाठीं फीत विकत घेतली गेली, आणि फितीसाठीं यंत्रहि घेतलें गेलें.

फितीनें काय दिलें? वेळ शिष्याच्या स्वाधीन केली. पहांटे पांचाला किंवा मुलें निजल्यावर रात्रीं दहाला, केव्हांहि गुरु हजर. लेंकरूं रडलें तर गुरूला तेथेंच थांबवितां आलें. पाऊल चुकलें तर फीत मागें नेऊन तेंच दहादां पाहतां आलें, आणि गुरु दहाव्या वेळींहि कंटाळला नाहीं. स्थूल स्त्री, प्रसूतीनंतर अशक्त झालेली स्त्री, वयानें पोक्त स्त्री, जिला व्यायामशाळेच्या आरशांची व तेथल्या सडपातळ मुलींची भीति वाटे, तिला ह्या गुरूसमोर लाजण्याचें कारण उरलें नाहीं. गुरु पाहत नाहीं, हाच त्याचा मोठा गुण ठरला. ह्या व्यायामाला नांवें ठेवणाऱ्या शहाण्या माणसांनीं ही गोष्ट सहसा विचारांत घेतलेली नाहीं.

पायरीचा प्रवेश ह्यानंतर झाला, आणि तोहि एका दुखापतींतूनच. जॉर्जिया राज्यांतील जिन मिलर ह्या व्यायामशिक्षिकेचा गुडघा १९८९ च्या सुमारास दुखावला. अस्थिवैद्यानें तिला सांगितलें कीं, गुडघ्याभोंवतालचे स्नायू बळकट करण्यासाठीं दुधाच्या बाटल्यांच्या खोक्यावर चढत-उतरत जा. ती चढूं लागली; कंटाळा येऊं नये म्हणून तिनें त्याला संगीत लावलें; संगीताबरोबर पावलांचे नमुने सुचत गेले. उड्या मारण्याच्या एरोबिक्सनें ज्यांचे घोटे व नडग्या दुखावल्या होत्या, त्यांना ह्या रीतींत एक गोष्ट लाभाची दिसली: एक पाय नेहमीं टेकलेला असल्यामुळें धक्का कमी, आणि चढण असल्यामुळें श्रम पुरेसा. रीबॉक ह्या जोड्यांच्या कंपनीनें ही कल्पना उचलली, फळी बाजारांत आणली, आणि सॅन डिएगो येथील विद्यापीठांत लॉर्ना व पीटर फ्रान्सिस ह्या तज्ज्ञांकडून तिचा शास्त्रीय अभ्यास करविला. १९९१ सालीं गायिका शेर हिच्या व्यायामफितींत पायरी दिसली, आणि फोंडा ह्यांनींहि लवकरच पायरीची फीत काढली. मोडलेल्या पायापासून निघालेली फीत आणि दुखावलेल्या गुडघ्यापासून निघालेली पायरी अशा एकत्र आल्या.

येथें इतिहासांतील खरी अडचण उभी राहते. वैद्यानें खोक्याचा उपाय सांगितला तो एका गुडघ्याला. तो गुडघा त्यानें पाहिला होता, हातानें चांचपला होता, त्याची दुखापत त्याला ठाऊक होती. तोच उपाय फितीवर चढला तेव्हां तो सर्व गुडघ्यांना लागू झाला, आणि फितीनें त्यांतला एकहि गुडघा पाहिला नाहीं. पायरीचे नियम शास्त्रज्ञांनीं व शिक्षकांनीं नीट घालून दिले होते. संपूर्ण तळवा फळीवर टेकावा, टांच बाहेर लोंबूं देऊं नये. उतरतांना फळीच्या जवळच उतरावें. चढतांना गुडघा काटकोनापेक्षां अधिक वांकूं नये. भार असलेल्या पायावर गिरकी घेऊं नये. एकच पाय सतत पुढें ठेवूं नये, मिनिटाभरानें बदलावा. नवख्यानें कमी उंचीपासून सुरुवात करावी. नियम चांगले; परंतु ते पाळले जातात कीं नाहीं हें पाहणारा कोणी नव्हता. शिवाय घरीं फळी नसली म्हणजे माणूस हाताशीं असेल तें घेतो. पडद्यावर फळी २० सेंटीमीटरांची आणि घरचें स्टूल २५ चें. पांच सेंटीमीटर म्हणजे दोन बोटें वाटतात. पण ९०० आवर्तनांत ती ४५ मीटरांची जास्त चढण होते, आणि ठेंगण्या बाईचा गुडघा प्रत्येक वेळीं मर्यादेबाहेर वांकतो. पडद्यावरची बाई मात्र हंसून 'छान, असेंच चालूं द्या' म्हणत असते.

न्याय करावयाचा तर हेंहि सांगितलें पाहिजे कीं, फिती काढणाऱ्यांना ही उणीव कळत नव्हती असें नाहीं. म्हणूनच पुष्कळ फितींत मुख्य शिक्षिकेच्या मागें दोघी-तिघी उभ्या केलेल्या दिसतात. एक कठीण रीत दाखविते, एक सोपी, एक फळीवांचून जमिनीवरच चालते. निरनिराळे शिष्य समोर बसले आहेत असें धरून गुरूनें आंधळेपणानें केलेला हा अंदाज होय. तो बराच उपयोगी पडला. परंतु आपण त्या तिघींपैकीं कोणती, हें ठरविण्याचें काम शेवटीं शिष्येवरच पडलें, आणि मनुष्यस्वभाव असा कीं, सोपी रीत आपल्यासाठीं आहे असें फारच थोड्यांना वाटतें.

दुसरी हानि गुडघ्याची नसून मनाची आहे. तालमींतला पठ्ठा वस्तादाच्या शरीराकडे रोज पाहतो. तें म्हातारें होतें, जखमी होतें, थकतें, हेंहि तो पाहतो. फितींतलें शरीर कधींच थकत नाहीं. उजेड, रंग आणि कापलेलीं-जोडलेलीं दृश्यें यांनीं तें घडलेलें असतें, आणि दहा वर्षांनीं फीत लावली तरी तें तितकेंच तरुण असतें. अशा शरीराशीं रोज अर्धा तास स्वतःची तुलना करणाऱ्या स्त्रीच्या मनावर काय परिणाम होत असेल, तो सांगावयास नको. जिच्या देहाकडे पाहून लक्षावधि स्त्रियांनीं आपल्याला हिणवलें, त्या जेन फोंडा ह्यांनीं स्वतःच पुढें उघडपणें सांगितलें आहे कीं, पूर्वायुष्यांतील अनेक वर्षें त्यांना खाण्याच्या विकारानें ग्रासलें होतें. पडद्यावरच्या सुदृढतेमागें असलेली ही व्यथा पाहणाऱ्या स्त्रियांना दिसत नव्हती. न पाहणारा गुरु स्वतःहि पुरता दिसत नाहीं, हें ह्यावरून ध्यानांत यावें.

फितीचे दिवस आतां सरले. त्यांच्या जागीं प्रथम तबकड्या आल्या, आणि २००५ नंतर यूट्यूबनें गुरूंचा महापूर आणला. आमच्याकडे १९८२ सालीं रंगीत टेलिव्हिजन आला, त्यापाठोपाठ गल्लोगल्लीं व्हिडिओ कॅसेटांचीं दुकानें उघडलीं. पण घरच्या व्यायामाला खरी जागा मिळाली ती पुढें, खिशांतल्या फोनामुळें. २०२० च्या मार्चांत साथीमुळें जग घरांत कोंडलें गेलें, तेव्हां इंग्लंडांतील जो विक्स ह्या शिक्षकाच्या एका सकाळच्या पाठाला एकाच वेळीं साडेनऊ लाखांहून अधिक घरें हजर होतीं. जगांतल्या कोणत्या आखाड्यानें इतके शिष्य एकदम पाहिले? परंतु त्या शिक्षकानेंहि त्यांतला एकहि पाहिला नाहीं. म्यूलरच्या पुस्तकापासून फोनाच्या पडद्यापर्यंत शंभर वर्षांत गुरु अधिकाधिक जिवंत दिसत गेला, शिष्य मात्र त्याला होता तसाच अदृश्य राहिला.

मग ह्या व्यायामाचा त्याग करावा काय? आमचें मत तसें नाहीं. ज्या स्त्रीला मैदान बंद होतें, तिला ह्या गुरूनें बसावयाच्या खोलींतच मैदान करून दिलें, हें ऋण लहान नाहीं. आजहि ज्यांना घराबाहेर पडण्याची सवड नाहीं, किंवा चारचौघांत व्यायाम करण्याचें धैर्य नाहीं, अशांची संख्या आपल्या मध्यमवर्गांत मोठी आहे. त्यांत पुरुषहि आहेत. परंतु गुरूच्या अंगीं जो डोळा नाहीं, तो आपणच कोठून तरी मिळविला पाहिजे. पायरी आपल्या गुडघ्याला विचारून निवडावी; पडद्यावरच्या फळीकडे पाहून निवडूं नये. गुडघा पूर्वीं दुखावलेला असेल, तर आधीं वैद्याला दाखवावा. जिन मिलरनें तेंच केलें होतें, आणि तिच्या उदाहरणांतला हाच भाग बाजारांत विकला गेला नाहीं. चढतां-उतरतां दोन वाक्यें बोलतां येतील इतकाच वेग ठेवावा. आणि साधेल तर आठवड्यांतून एकदां तरी घरांतल्या कोणाला समोर बसवून, आपला तळवा पुरा टेकतो कीं नाहीं, पाठ वांकते कीं काय, एवढें पाहावयास सांगावें. दहा वर्षांचें मूलहि हें काम चोख करील, आणि आपल्या आईची चूक काढण्याची संधि तें आनंदानें साधील.

घरांतल्या माणसाच्या श्रमाकडे घरांतल्याच माणसानें थोडें लक्ष द्यावें, एवढीच अपेक्षा ह्या लेखाच्या शेवटीं आम्ही करतों. बंद दारामागें चढणारी ही गृहिणी अर्ध्या तासांत अडीच कुतुबमिनार चढते, हें निदान तिच्या घरच्यांना तरी ठाऊक असावें. पडद्यावरचा वस्ताद तें कधींहि पाहणार नाहीं.